पिकअपच्या कर्जात शेवटचा हप्ता तीन लाखांचा, घ्यावं का?

केज_शिवार:
सर्वांना नमस्कार. शेतमालाच्या वाहतुकीसाठी नवा पिकअप घ्यायचा आहे. शोरूमची किंमत ९ लाख, कर्ज ८ लाख, मुदत ४८ महिने, व्याज १२ टक्के, घटत्या शिलकीवर आणि कायम दराने. फायनान्सवाल्यांनी दोन पर्याय दिलेत.

पहिला सरळ: दरमहा २१,०६७ रुपये.
दुसरा: दरमहा १६,१६७ रुपये, आणि ४८व्या हप्त्यासोबत ३ लाख एकरकमी. याला ते बलून हप्ता म्हणतात.

गाडी जूनच्या पहिल्या आठवड्यात हातात येईल, पहिला हप्ता जुलैत. घरी सोयाबीन आणि तीन एकर ऊस आहे. भाडं बाराही महिने सारखं मिळणार नाही, म्हणून महिन्याला ४,९०० कमी भरायचे हे बरं वाटतंय. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एकूण जास्तीचे किती जातात? शेवटचे तीन लाख जमले नाहीत तर "तेवढ्याचं परत कर्ज करून देऊ" असं तोंडी सांगतायत, त्यावर किती विसंबायचं? आणि मध्येच पैसे आले तर भरता येतात का? जामीनदार म्हणून चुलते सही करणार आहेत, त्यामुळे आधी नीट समजून घ्यायचंय.

हिशेबवही:
आधी आकडे पाहू.

सरळ हप्त्यात ४८ महिन्यांत १०,११,२०० च्या आसपास भराल, त्यात व्याज २,११,२००. बलूनमध्ये १६,१६७ गुणिले ४८ म्हणजे ७,७६,०१६, अधिक ३ लाख, एकूण १०,७६,०१६. व्याज २,७६,०१६. फरक साधारण ६४,८०० रुपयांचा. दर दोन्हीकडे १२ टक्केच आहे, तरी व्याज वाढतं, कारण ते तीन लाख चारही वर्षं तुमच्या नावावर तसेच उभे राहतात आणि त्यांच्यावर दरमहा ३,००० रुपये व्याज लागतं. तेच तुमच्या १६,१६७ मधून जातं. पहिल्या महिन्यात दोन्ही पर्यायांत व्याज ८,०००, पण मुद्दल सरळ हप्त्यात १३,०६७ ने उतरतं आणि बलूनमध्ये ८,१६७ ने.

"वाचलेले ४,९०० दरमहा बाजूला टाकू, शेवटी तेच भरू" असा विचार बरेच जण करतात. ६.५ टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत ४,९०० टाकले तर ४८ महिन्यांनी सुमारे २ लाख ६८ हजार होतात, म्हणजे ३२ हजार कमी पडतात. पूर्ण तीन लाख व्हायला दरमहा साधारण ५,५०० टाकावे लागतील. मग महिन्याचा एकूण भार २१,६६७ झाला, सरळ हप्त्याहून ६०० जास्त. १२ टक्क्यांनी घेतलेले पैसे ६.५ टक्क्यांनी ठेवण्यात तोटाच आहे.

दुसरी गोष्ट विम्याची, तिच्याकडे कुणी पाहत नाही. दोन वर्षांनी सरळ हप्त्यात बाकी राहते सुमारे ४,४७,५००, बलूनमध्ये ५,७९,७००. विम्यात गाडीचं वय दोन वर्षांच्या पुढे गेलं की किमतीतून ३० टक्के घट धरतात, म्हणजे ९ लाखांच्या गाडीचं विमा मूल्य ६.३० लाख. त्या वर्षी गाडी पूर्ण निकामी झाली किंवा चोरीला गेली तर विम्याचे पैसे आधी फायनान्स कंपनीला जातात. सरळ हप्त्यात तुमच्या हाती १ लाख ८० हजारांच्या आसपास उरतील, बलूनमध्ये जेमतेम ५० हजार. म्हणून बलून घ्याल तर चारही वर्षं संपूर्ण विमाच ठेवा. नुसता थर्ड पार्टी काढला तर गाडी जाते आणि कर्ज तसंच राहतं.

आणि हो, १२ टक्के "घटत्या शिलकीवर" हे कागदावर बघा. फ्लॅट ७.५ टक्के (म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज) म्हणून सांगितलेला दर ४८ महिन्यांच्या कर्जात घटत्या शिलकीच्या १३.५ टक्क्यांएवढा पडतो. ऐकायला तो स्वस्त वाटतो.

बालाघाट_वाहतूक:
वरचा हिशेब बरोबर आहे. तरी बलून सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही. ऊस वाहतुकीचा करार असलेल्यांना पाच महिन्यांत वर्षाची कमाई होते, त्यांना लहान हप्ता आणि ठरलेल्या वेळी मोठी रक्कम हे सोयीचं पडतं. पण मोठी रक्कम कोणत्या महिन्यात येते ते बघायलाच पाहिजे.

दादा, तुमचा पहिला हप्ता जुलैत, म्हणजे ४८वा चौथ्या वर्षीच्या जूनमध्ये. मृगाचा पाऊस, बियाणं, खत, पेरणी, आणि त्यातच तीन लाख! बीड-लातूर पट्ट्यात जूनमध्ये कुणाच्याच हाती पैसा नसतो. सोयाबीन मोंढ्यात (बाजार समितीत) जाते दसरा-दिवाळीला, उसाचं बिल येतं जानेवारी ते मार्च. मुदत ४८ ऐवजी ४५ महिने करून मागा, शेवटचा हप्ता मार्चमध्ये येईल. दरमहा हप्ता १६,८५२ होईल, ६८५ रुपयांनी जास्त, पण एकूण व्याज १७ हजारांहून अधिक कमी होतं. हप्त्यांची संख्या अशी विषम ठेवता येते, सिस्टीममध्ये आकडाच टाकायचा असतो. "आमच्याकडे ३६, ४८, ६० च असतं" म्हणाले तर शाखा व्यवस्थापकाशी बोला.

मोंढा_लातूर:
बालाघाटभाऊ, मार्चला माझा विरोध आहे. खरिपाच्या पीककर्जाची परतफेड ३१ मार्चपर्यंत करायची असते. वेळेत भरलं तर केंद्राची ३ टक्के सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्क्यानं पडतं. तारीख चुकली की हे दोन्ही जातं. एकाच महिन्यात पीककर्ज आणि बलून आले तर माणूस गाडी ओढून नेतील या भीतीनं बलून भरतो आणि पीककर्ज थकवतो. पुढच्या वर्षी बँक नवीन पीककर्ज देत नाही, आणि पेरणीला सावकार गाठावा लागतो.

उसाचं बिलही धरून चालू नका. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव) द्यायची, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, हे ऊस नियंत्रण आदेश, १९६६ मध्ये लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात थकबाकी पुढे पुढे जाते, आणि फायनान्स कंपनी कारखान्याच्या तारखेवर थांबत नाही.

डिसेंबर धरा. ४२ महिने केले तर दरमहा १७,६३८ आणि शेवटी ३ लाख, व्याज २ लाख ४१ हजारांच्या आत. सोयाबीन तोपर्यंत विकलेली असते. ऐन आवकेत भाव पडलेला असेल तरी डिसेंबरपर्यंत थोडं थांबायला जागा राहते.

हिशेबवही:
डिसेंबरचा मुद्दा पटला. मग तो चौथ्याच वर्षी का, दर डिसेंबरला का नको? ८ लाख, १२ टक्के, ४८ महिने, दरमहा १७,०००, आणि दर डिसेंबरला त्यावर ४८,६०० जादा, असं चार वेळा. हिशेब ४८व्या महिन्यात शून्यावर येतो. एकूण व्याज २ लाख १० हजार, म्हणजे सरळ हप्त्याएवढंच, उलट किंचित कमी. दरमहाचा भार बलूनपेक्षा फक्त ८३३ रुपयांनी जास्त, आणि शेवटी डोक्यावर डोंगर नाही.

हंगामी हप्ते असे शब्द वापरून मागा. ट्रॅक्टरच्या कर्जात सहामाही हप्ते नेहमीचेच आहेत, त्यामुळे शेतीभागातल्या शाखांना ही मागणी नवीन नाही. सातबारा, ऊसनोंदीची पावती आणि मागच्या दोन हंगामांच्या आडतीच्या पट्ट्या सोबत न्या, म्हणजे तुमचा पैसा कधी येतो ते त्यांना कागदावर दिसतं.

केज_शिवार:
हे कुणी सुचवलंच नव्हतं. उद्या विचारतो. पण ते हंगामी हप्त्याला नाही म्हणाले आणि बलूनच उरला, तर शेवटच्या हप्त्याला पुन्हा कर्ज देण्याचं सांगतायत त्याचं काय? घरात सोनं आहे, तोपर्यंत पीककर्जाची मर्यादाही वाढेल असं वाटतं.

वसुली_नियम:
तोंडी आश्वासनाला काही अर्थ नाही. करारात "शेवटच्या हप्त्याचे पुनर्वित्त" असं कलम असेल, आणि त्यात दर, मुदत व अटी लिहिलेल्या असतील, तरच ते धरा. बहुतेक ठिकाणी कंपनीच्या मर्जीनुसार एवढंच लिहिलेलं असतं. म्हणजे त्या वेळचं तुमचं सिबिल, गाडीची हालत आणि कंपनीचं त्या वेळचं धोरण.

मिळालंच तर ते जुन्या गाडीवरचं कर्ज असतं, दर जास्त. १६ टक्के धरला तर ३ लाखांचा २४ महिन्यांचा हप्ता १४,६८९ येतो, व्याज आणखी ५२,५००. म्हणजे चार वर्षांनी गाडी जुनी, दुरुस्तीचा खर्च वाढलेला, आणि हप्ता जवळजवळ आधीएवढाच, पुढे दोन वर्षं. पहिल्या दिवसापासून हेच गृहीत धरून बलून घ्यायचं असेल तर सरळ पाच-सहा वर्षांचं कर्ज घेतलेलं बरं.

पैसे जमणार नाहीत असं दिसलं तर देय तारखेच्या तीन महिने आधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तारखेआधी नवीन कर्ज झालं तर ते साधं नवीन कर्ज. थकल्यावर मुदत वाढवली तर ती पुनर्रचना धरली जाते आणि पतअहवालात तशी दिसते.

तारीख उलटली तर काय होतं ते क्रमाने सांगतो. थकलेल्या रकमेवर दंड लागतो, पण रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार तो दंडशुल्क म्हणूनच घ्यायचा असतो, व्याजदरात मिसळायचा नाही आणि त्यावर व्याजही चढवायचं नाही. मूळ व्याज मात्र चालूच राहतं. पहिले ३० दिवस खातं एसएमए-० (एसएमए म्हणजे थकू लागलेल्या खात्याची इशारा-पायरी), मग ६० पर्यंत एसएमए-१, ९० पर्यंत एसएमए-२, आणि त्यापुढे एनपीए, म्हणजे थकीत खातं. नेहमीच्या हप्त्यात १६ हजार थकतात, इथे एका झटक्यात तीन लाख थकतात. चार वर्षं एकही हप्ता चुकला नसला तरी या ९० दिवसांत खातं बिघडतं.

गाडी ताब्यात घेण्याआधी किती दिवसांची नोटीस, विक्रीआधी पैसे भरायची शेवटची संधी कशी, हे बिगरबँक कंपनीच्या करारात लिहिलेलं असावंच लागतं. सही करण्याआधी ते कलम शोधा. वसुलीचे फोन सकाळी ८ आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत हाही नियम आहे. लिलावात कमी पैसे आले तर उरलेली रक्कम तुमच्याकडे आणि चुलत्यांकडे मागता येते. गाडी गेली की जामीन सुटला असं होत नाही. त्यांना हे सहीआधी सांगा, तो त्यांचा हक्क आहे.

सहकार_परभणी:
सोनं आणि पीककर्ज याबद्दल.

पीककर्जातून गाडीचा हप्ता भरायचा विचार सोडा. ते पैसे पिकाला आहेत आणि वर्षाच्या आत परत द्यायचे आहेत. मग ३१ मार्चला नवं-जुनं करायची वेळ येते: दहा दिवसांसाठी कुणाकडून तरी उचलायचे, बँकेत भरायचे, नवीन मंजूर झालं की परत करायचे. शेकडा ३ दरमहा दराने ३ लाखांचे दहा दिवसांचे ३,००० होतात, पण बहुतेक पूर्ण महिना धरतात, म्हणजे ९,०००. शून्य टक्क्याची सवलत अशीच जाते. त्यात बँकेची मंजुरी आठ दिवस लांबली तर दुसरा महिना लागतो.

सोनं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग, पण एकरकमी परतफेडीचं सोनेतारण म्हणजे पुन्हा तेच: वर्षभर काही भरायचं नाही, शेवटी मुद्दल आणि व्याज एकदम. घरखर्च किंवा वैयक्तिक गरजेसाठी अशा कर्जाची मुदत १२ महिन्यांपुरतीच असते. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्के मर्यादा आहे, अडीच ते पाच लाखांना ८०, त्यापुढे ७५. एकरकमी कर्जात ही मर्यादा मुदतीअंती देय होणाऱ्या पूर्ण रकमेवर मोजतात. म्हणजे ३ लाखांचं सोनं असेल तर ८५ टक्क्यांनी २ लाख ५५ हजार, त्यातून वर्षाचं १२ टक्के व्याज वजा जाता हाती सुमारे २ लाख २७ हजारच येतील. खड्यांचं वजन धरत नाहीत. कर्ज फिटल्यावर दागिने जास्तीत जास्त सात कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवेत. संस्थेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे.

सोन्यावर काढायचं झालंच तर दरमहा व्याज भरायचा प्रकार घ्या. शेवटी फक्त मुद्दल उरतं.

बालाघाट_वाहतूक:
मध्येच पैसे भरण्याचा प्रश्न राहिला. कायम दराचं कर्ज असल्यानं मुदतपूर्व शुल्क लागू शकतं. १ जानेवारी २०२६ पासूनच्या कर्जांना रिझर्व्ह बँकेनं जी सूट दिली आहे ती बदलत्या दराच्या कर्जांसाठी आहे, ती तुम्हाला लागू धरू नका. किती टक्के, पहिले किती महिने भरताच येत नाही, वर्षातून किती वेळा, हे तिन्ही विचारा.

त्याहून महत्त्वाचं, जादा भरलेली रक्कम कुठे वळती होणार? "अंशतः भरणा शेवटच्या मोठ्या हप्त्यातून वजा करावा" असं लिहून घ्या. २४व्या महिन्यात १ लाख भरले आणि मासिक हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे ३ लाख उतरून १ लाख ७३ हजारांवर येतात. हे न सांगता भरलं तर कंपनी मासिक हप्ता कमी करते आणि शेवटचे तीन लाख जागच्या जागी राहतात. भरल्यावर आठ दिवसांनी नवीन परतफेड तक्ता मागून घ्या आणि शेवटची ओळ वाचा.

वसुली_नियम:
सहीआधीच्या कागदाबद्दल थोडं. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाला मुख्य तथ्य विवरणपत्र देणं बंधनकारक आहे, तुम्हाला समजणाऱ्या भाषेत. मराठीत मागा. त्यात वार्षिक टक्केवारी दर असतो, म्हणजे प्रक्रिया शुल्क, विमा वगैरे धरून खरा दर, आणि सोबत पूर्ण परतफेड तक्ता. दोन पर्यायांची दोन विवरणपत्रं घ्या आणि शेजारी ठेवून बघा. मुदत सात दिवसांपेक्षा मोठी असलेल्या कर्जात विवरणपत्र दिल्यापासून किमान तीन कामकाजाचे दिवस त्या अटी कायम ठेवाव्या लागतात, तेव्हा "आजच सही करा, उद्या दर बदलेल" असं सांगत असतील तर ऐकू नका. त्यात न लिहिलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. तक्त्यात ४८व्या ओळीत ३,१६,१६७ दिसलं पाहिजे. ते तीन लाख तक्त्यात न दाखवता वेगळ्या कागदावर ठेवले असतील तर सही करू नका.

तक्रार आधी कंपनीकडे लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, १४४४८ वर माहिती मिळते, अर्ज फुकट असतो.

हिशेबवही:
शेवटचा हप्ता भरतानाच्या दोन अडचणी. फायनान्स कंपनी बँक नसेल तर एका हप्त्यापोटी २ लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यानं बंद आहे. मोंढ्यातून रोख आणून काउंटरवर तीन लाख ठेवाल तर घेणार नाहीत, आणि दोन दिवसांत तुकडे करूनही चालत नाही, कारण हप्ता एकच धरला जातो. पैसे चार-पाच दिवस आधी खात्यात टाका आणि आरटीजीएस करा.

दुसरं, खात्यातून आपोआप कापून घेण्याची जी परवानगी देता तिची कमाल रक्कम बघा. २० हजार असेल तर मोठा हप्ता कापला जाणारच नाही आणि तारीख चुकेल. साडेतीन लाख असेल तर त्या दिवशी खात्यात शिल्लक नसल्यास परत जाईल, आणि असा परतावा धनादेश न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो. तारीख न टाकलेले कोरे धनादेश मागतील, दिलेच तर क्रमांक लिहून पोच घ्या आणि कर्ज फिटल्यावर परत मागा.

केज_शिवार:
सगळ्यांचे मनापासून आभार. दरमहा १७,००० आणि दर डिसेंबरला ४८,६०० हाच प्रस्ताव लिहून नेतो, सोबत आडतीच्या पट्ट्या. तो नाकारला तर ४२ महिन्यांचा बलून आणि सरळ हप्ता या दोन्हींची विवरणपत्रं घेऊन परत इथेच टाकतो. कर्ज फिटल्यावर आरसीवरचा बोजा आपोआप उतरतो ना?

बालाघाट_वाहतूक:
नाही. कंपनीकडून ना-हरकत दाखला आणि सही-शिक्क्याचे फॉर्म ३५ दोन प्रती घ्या, परिवहनच्या पोर्टलवर बोजा उतरवण्याचा अर्ज करा, शुल्क भरा आणि आरटीओत मूळ आरसी द्या. दाखल्यावर मुदतीची तारीख असते, ती उलटली तर नवीन दाखल्यासाठी पुन्हा चकरा. नवीन आरसी आली की तिची प्रत विमा कंपनीला देऊन पॉलिसीवरूनही फायनान्सचं नाव काढा, नाहीतर पुढच्या दाव्याचे पैसे त्यांच्याच नावानं निघतात.